शेकडा कशाचा? भात, खत आणि काजू यांच्या हिशेबातील शेकडेवारी

मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावर कट्टा ही बाजारपेठ आहे. पेंडूर, वराड, नांदोस, गोळवण इत्यादी आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांचा बाजारहाट येथे होतो आणि येथील शाळांत त्यांची मुले शिकतात. इयत्ता सहावी-सातवीच्या वर्गात शतमानाचा पाठ येतो. त्याच घरांत पावसाळ्याच्या तोंडावर युरियाची गोण येते, तिच्यावर ४६ टक्के नत्र असे छापलेले असते. बियाण्याच्या पिशवीवरील लेबलात उगवणशक्तीचे टक्के असतात. भात विकावयास नेले की ओलाव्याचे टक्के मोजले जातात, आणि सोसायटीच्या कर्जावर व्याज टक्क्यांनीच आकारले जाते. मुलाच्या वहीतील गणित आणि बापाच्या हातातील गोण यांचा संबंध मात्र पुष्कळ घरांत जुळत नाही. मुलाला उदाहरण सोडविता येते, पण ते खताला लावता येते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. बापाला खताचा अनुभव असतो, पण छापील आकड्याचा अर्थ तो दुकानदाराच्या तोंडून ऐकतो. या अंतरामुळे दरवर्षी काही किलो बी, काही किलो खत आणि काही रुपये वाया जातात.

टक्का म्हणजे शंभरातील एक भाग. एखाद्या संख्येचे अमुक टक्के काढावयाचे, तर त्या संख्येला टक्क्यांच्या आकड्याने गुणावे व शंभराने भागावे. ४५ किलोचे ४६ टक्के म्हणजे ४५ गुणिले ४६, भागिले १००, अर्थात २०.७ किलो. एवढी रीत ज्यास आली त्यास अर्धे काम आले. उरलेले अर्धे काम, आणि तेच अधिक अवघड, ते म्हणजे हा शेकडा कशाचा आहे हे प्रत्येक वेळी विचारणे. शेतीच्या हिशेबातील बहुतेक चुका गुणाकाराच्या नसतात, त्या हा प्रश्न न विचारल्याच्या असतात.

महाराष्ट्रातील जुन्या पिढीला ही रीत वेगळ्या नावाने पाठ होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे ज्यांनी म्हटले, त्यांनी २५, ५०, ७५, १२५ आणि १५० टक्केच म्हटले. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा चार आणे म्हणजे २५ टक्के आणि दोन आणे म्हणजे साडेबारा टक्के. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि पैसा हाच टक्का झाला. शंभरावर मोजण्याची चाल मात्र त्याहून फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे सुमारे ११५० सालच्या ग्रंथात, शंभरावर दरमहा पाच या दराने सोळांवर वर्षाचे व्याज किती, असे उदाहरण आहे. उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश येते. वर्षाचा दर काढला तर तो शेकडा साठ भरतो! ‘दरमहा शेकडा दोन’ असे कोणी मृदू आवाजात सांगितले, तर तो दर साल शेकडा चोवीस आहे, हे आजही ध्यानात ठेवावे लागते.

पीक किती आले हे सांगण्याची सरकारी रीतही शेकडेवारीचीच. पूर्वी तिला आणेवारी म्हणत, आता पैसेवारी म्हणतात. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. १९१८ च्या खेडा सत्याग्रहाचा वाद मुळात एका टक्केवारीवरचा वाद होता. खेडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीची सारावसुली पूर्ण तहकूब करावी, असा नियम होता. शेतकरी पीक चार आण्यांहून कमी म्हणत होते, अधिकारी अधिक म्हणत होते. पंचवीस टक्के या एका रेषेच्या अलीकडे की पलीकडे, यावर हजारो कुटुंबांचा सारा अवलंबून होता. ज्याला आपल्या पिकाची आणेवारी स्वतः काढता येते, त्याला असा वाद कागदावर मांडता येतो.

बी किती घ्यावे

तरव्यासाठी बी पेरण्यापूर्वी उगवणशक्तीची चाचणी घरी करता येते. भाताच्या कोठल्याही पोत्यातून वरचे, मधले व तळचे असे मिसळून शंभर दाणे न निवडता मोजावेत. ओल्या गोणपाटावर ते दहा-दहाच्या ओळींत मांडून गुंडाळी करावी व ती ओलसर ठेवावी. आठ-दहा दिवसांनी जितके दाणे चांगले मोड आलेले दिसतील तितके टक्के उगवण. येथे गुणाकार-भागाकार काहीच नाही. ज्याला पंचवीस दाण्यांवर भागवावयाचे आहे त्याने येणाऱ्या आकड्यास चारांनी गुणावे. मात्र पंचवीस दाण्यांत एका दाण्याची चूक म्हणजे चार टक्क्यांची चूक, हे विसरू नये. बीजपरीक्षण प्रयोगशाळा चारशे दाणे तपासतात ते याच कारणाने. प्रमाणित भात बियाण्यास किमान ८० टक्के उगवण व ९८ टक्के शुद्धता असावी लागते. या दोहोंचा एकत्र हिशेब केला, तर ९८ चे ८० टक्के म्हणजे ७८.४. शंभर किलोच्या पिशवीतील खरे उपयोगी बी एवढेच.

आता चूक कोठे होते ते पाहू. समजा, एका शेतकऱ्याला ८० टक्के उगवणीचे ८ किलो बी पुरते. यंदा घरच्या बियाण्याची उगवण ६४ टक्के भरली. ८० तून ६४ गेले, १६ उरले, तेव्हा सोळा टक्के बी वाढवावे, असे तो म्हणतो. ८ किलोचे १६ टक्के म्हणजे १.२८ किलो. एकूण ९.२८ किलो बी तो पेरतो. पूर्वीच्या ८ किलोतून ६.४ किलो बी उगवत होते. ९.२८ किलोचे ६४ टक्के केले तर ५.९४ किलोच येते. तरवा कमी पडतो, लावणीच्या ऐन दिवसांत शेजाऱ्याकडे मुठी मागाव्या लागतात, नाहीतर शेवटचा कुणगा पडीक राहतो. योग्य हिशेब असा: ६.४ किलो उगवणारे बी हवे आहे आणि दर शंभरातून ६४ उगवतात, म्हणून ६.४ ला १०० ने गुणून ६४ ने भागावे. उत्तर १० किलो. वाढ २ किलोची, म्हणजे पंचवीस टक्क्यांची झाली. कारण सोळा हा फरक ऐंशीतला आहे, त्याचे टक्के ऐंशीवर काढले तर वीस होतात. आणि वीस टक्के घट भरून काढण्यास नेहमी पंचवीस टक्के वाढ लागते. शंभराचे ऐंशी झाले, तर ऐंशीचे पुन्हा शंभर करण्यास वीस हवेत, आणि वीस हा ऐंशीचा पाव आहे. सातवीतल्या मुलाकडून हे एकदा गोट्यांवर करून घ्यावे. पुस्तकातील दहा उदाहरणांहून ते अधिक टिकते.

पोचट दाणे काढण्यासाठी बी तीन टक्के मिठाच्या द्रावणात घालतात. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, असे त्याचे प्रमाण आहे. पाण्याचा एक लिटर म्हणजे जवळपास एक किलो, म्हणून दहा हजार ग्रॅमचे तीन टक्के ३०० ग्रॅम. काटेकोर गणिती म्हणेल की मीठ मिळवल्यावर एकूण वजन १०,३०० ग्रॅम झाले आणि टक्का तीनहून किंचित कमी भरला. त्याचे म्हणणे खरे आहे, पण या कामी तेवढ्याने बिघडत नाही. तरंगणारे दाणे काढून टाकावेत आणि तळचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे. हे धुणे टाळले, तर मात्र बिघडते.

गोण आणि सातबारा

कोकणात भातासाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश अशी शिफारस सांगितली जाते. ती ऐकून हेक्टरी शंभर किलो युरिया टाकणारे शेतकरी आहेत. शिफारस नत्राची आहे, युरियाची नव्हे. युरियाच्या शंभर किलोत ४६ किलोच नत्र असते. म्हणजे अशा शेतकऱ्याने आपल्या भाताला अर्ध्याहून कमी जेवण घातले, आणि पीक पिवळे पडल्यावर दोष युरियाला दिला.

सिंधुदुर्गातील बहुतेकांची शेते हेक्टराची नसतात, ती काही गुंठ्यांची असतात. येथे सातबारा मदतीस येतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहिलेले असते, आणि आर म्हणजे हेक्टराचा शंभरावा भाग. तेव्हा २० आर शेत म्हणजे हेक्टराचे बरोबर २० टक्के. शिफारशीतील प्रत्येक आकड्याचे २० टक्के घेतले की त्या शेताची गरज निघाली: नत्र २० किलो, स्फुरद १० किलो, पालाश १० किलो. गुंठ्यात मोजणाऱ्यांनीही हाच हिशेब करण्यास हरकत नाही, कारण गुंठा हा आराहून १.१७ टक्क्यांनीच मोठा आहे.

पुढची पायरी उलटी आहे, आणि शाळेत मुले नेमकी येथेच अडखळतात. ४५ किलोचे ४६ टक्के किती, हा सरळ प्रश्न. कशाचे ४६ टक्के म्हणजे २० किलो, हा उलटा प्रश्न. सरळ प्रश्नात टक्क्यांनी गुणून शंभराने भागावयाचे. उलट्यात शंभराने गुणून टक्क्यांनी भागावयाचे. २० गुणिले १००, भागिले ४६ केले म्हणजे ४३.५ किलो युरिया येतो. युरियाची गोण ४५ किलोची असते, तेव्हा एक गोण जवळपास पुरते. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के असते. १० गुणिले १००, भागिले १६ म्हणजे ६२.५ किलो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश ६० टक्के. त्याच रीतीने १६.७ किलो. उत्तर बरोबर आहे की नाही हे पडताळण्याची सोपी खूण अशी की खताचे वजन अन्नद्रव्याच्या वजनाहून नेहमी अधिक आले पाहिजे. कमी आले तर गुणाकार आणि भागाकार यांची अदलाबदल झाली आहे.

युरिया एकदम देत नाहीत, तीन हप्त्यांत देतात. लावणीच्या वेळी ४० टक्के, फुटवे फुटताना ४० टक्के आणि शेवटी २० टक्के, अशी विभागणी धरली तर ४३.५ किलोचे १७.४, १७.४ आणि ८.७ किलो असे भाग होतात. येथे एक चूक वारंवार घडते. दुसऱ्या हप्त्याच्या वेळी गोणीत जे उरले आहे त्याचे चाळीस टक्के काढले जातात. उरलेले २६.१ किलो, त्याचे ४० टक्के १०.४ किलो. पिकाला फुटव्यांच्या वेळी सात किलो युरिया कमी मिळतो आणि शेवटी तितकाच जास्त पडतो. चाळीस टक्के हे मूळच्या एकूणाचे आहेत. गोण घरी आणल्याबरोबर तिचे तीन भाग वजन करून वेगळ्या पिशव्यांत बांधून कोरड्या जागी ठेवले, तर हा घोळ उद्भवतच नाही.

मिश्रखत वापरणाऱ्यांनी गोणीवरील तीन आकडे ओळीने नत्र, स्फुरद व पालाश यांचे टक्के म्हणून वाचावेत. १५:१५:१५ खताच्या ५० किलोंच्या गोणीत प्रत्येकी साडेसात किलो, म्हणजे एकूण साडेबावीस किलो अन्नद्रव्य असते. वर सांगितलेल्या २० आर शेताला ६६.७ किलो मिश्रखत दिले, तर स्फुरद व पालाश पुरे होतात आणि नत्र १० किलो मिळते. उरलेल्या १० किलो नत्रासाठी २१.७ किलो युरिया लागतो. कोणते खत स्वस्त, हे ठरविताना गोणीची किंमत पाहू नये. गोणीच्या किमतीस तिच्यातील अन्नद्रव्याच्या किलोंनी भागावे आणि मग तुलना करावी.

सुपारी व माड यांच्या बागायतदारांना एक टक्का बोर्डो मिश्रण परिचित आहे. शंभर लिटर पाण्यास एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना. दहा लिटर करावयाचे तर दोन्ही शंभर-शंभर ग्रॅम. येथे एक टक्का हा मोरचुदाचा आहे, चुना वेगळा. मिश्रणात लोखंडी विळा थोडा वेळ बुडवून काढावा. त्यावर तांबूस थर दिसला, तर चुना कमी पडला आहे आणि तो वाढविला पाहिजे. जुना, हवा लागलेला चुना वजनात बरोबर भरला तरी कामात कमी भरतो. त्या वेळी वजनापेक्षा विळ्यावर अधिक विश्वास ठेवावा.

ओले भात, वाळलेले भात

ओलाव्याचा हिशेब सर्वांत फसवा आहे. पाच क्विंटल भात आहे, त्यात २० टक्के ओलावा आहे, आणि ते वाळवून १४ टक्क्यांवर आणावयाचे आहे. वजन किती राहील? वीसातून चौदा गेले, सहा टक्के कमी झाले, म्हणून ३० किलो घटून ४७० किलो राहील, असे बहुतेक सांगतात. तसे होत नाही. वाळवताना पाणी जाते, भाताचा कोरडा भाग जात नाही. ५०० किलोत २० टक्के पाणी, म्हणजे १०० किलो पाणी व ४०० किलो कोरडा भाग. वाळल्यावर हे ४०० किलो नव्या वजनाचे ८६ टक्के होतील. पुन्हा तोच उलटा प्रश्न: कशाचे ८६ टक्के म्हणजे ४००? उत्तर ४६५ किलो. घट ३५ किलोंची, म्हणजे सात टक्के. आधीचे वीस टक्के ओल्या वजनावर होते आणि नंतरचे चौदा टक्के कोरड्या झालेल्या वजनावर आहेत; दोन वेगळ्या शेकड्यांतून एकमेकांची वजाबाकी होत नाही.

हा हिशेब दोन्ही बाजूंनी उपयोगी आहे. घरी साठविणाऱ्याला कणगीत किती भात जाईल ते कळते. विकणाऱ्याला आणखी काही कळते. ओल्या भाताबद्दल कोणी शेकडा दहाची घट धरली, तर पाच क्विंटलांवर ५० किलो जातात; खरी घट ३५ किलोंची आहे. मधल्या १५ किलोंबद्दल बोलण्यास शेतकऱ्याजवळ आकडा पाहिजे, आणि तो आकडा घरातील सातवीची मुलगी दोन मिनिटांत काढून देऊ शकते. शासकीय खरेदीत भाताच्या ओलाव्याची मर्यादा १७ टक्के असते. वीस टक्क्यांचे पाच क्विंटल भात तेथवर वाळविले, तर ४८२ किलो भरते. एक-दोन उन्हे देऊन मगच गाडी भरलेली बरी, नाहीतर भाडे भरून नेलेला माल परत आणावा लागतो.

काजूच्या बाबतीत टक्का पुष्कळदा अर्धीच गोष्ट सांगतो. वेंगुर्ले येथे १९५७ साली स्थापन झालेल्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जातींपैकी वेंगुर्ला-४ या जातीच्या बियांतून सुमारे ३१ टक्के गर निघतो आणि वेंगुर्ला-७ मधून ३०.५ टक्के. केवळ टक्के पाहिले तर पहिली जात किंचित सरस. परंतु वेंगुर्ला-४ ची एक बी सरासरी ७.७ ग्रॅमची असते आणि वेंगुर्ला-७ ची १० ग्रॅमची. ७.७ चे ३१ टक्के म्हणजे २.४ ग्रॅम गर, १० चे साडेतीस टक्के म्हणजे ३.०५ ग्रॅम. मोठ्या गरास बाजारात अधिक भाव असतो आणि एक किलो गरासाठी बिया कमी फोडाव्या लागतात. कलमे निवडताना हे दोन्ही आकडे शेजारी लिहून पाहावेत.

काजू विकताना कापल्या जाणाऱ्या टक्क्यांचाही असाच विचार करावा. ओलाव्याबद्दल पाच टक्के आणि पोचट बियांबद्दल दोन टक्के अशी कपात ठरली, तर ती दोन रीतींनी मोजता येते. दोन्ही टक्के मूळ वजनावर धरले, तर शंभर किलोचे ९३ किलो राहतात. आधी पाच टक्के काढून उरलेल्या ९५ किलोंवर दोन टक्के काढले, तर ९३.१ किलो राहतात. फरक शंभर किलोंमागे शंभर ग्रॅमचा. भावाची चढउतार मात्र याहून मोठा फरक पाडते. समजा, १२० रुपये किलोचा भाव दहा टक्क्यांनी चढला, तो १३२ झाला. पुढच्या आठवड्यात दहा टक्क्यांनी उतरला, तर तो १२० वर येत नाही. १३२ चे दहा टक्के १३ रुपये २० पैसे, म्हणून भाव ११८ रुपये ८० पैसे होतो. ‘दहा चढले, दहा उतरले, भाव होता तेथेच आहे’ असे वजनकाट्यापाशी कोणी म्हणाले, तर क्विंटलामागे १२० रुपयांचा हा फरक त्यास तेथेच करून दाखवावा.